मेच्या सुट्टीत सासूबाई आणि मुलांना घेऊन लेह की किन्नौर-स्पिती? सोलापुरातून गाडी न्यावी का?

होटगीरोड

नमस्कार. मेच्या सुट्टीत हिमालयात रस्त्याने फिरायचं नक्की केलंय. आम्ही दोघं, मुलगी बारा वर्षांची, मुलगा सहाचा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय सदुसष्ट. बीपीची गोळी चालू आहे, पण रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे चालायला जातात, गुडघ्यांचीही तक्रार नाही. बर्फ हाताने उचलून बघायचाय ही इच्छा त्यांचीच. सासरे होते तेव्हा दरवर्षी ठरायचं आणि राहून जायचं. त्यामुळे त्यांना घरी ठेवून जायचा विषयच नाही.

मिस्टरांच्या मनात सोलापूर, दिल्ली, मनाली, लेह, पँगाँग आणि त्याच रस्त्याने परत असं आहे. आमची सात सीटर गाडी न्यायची, सगळं मिळून पंधरा दिवस. ते गाडी चांगली चालवतात. महाबळेश्वर, आंबोली, गोवा आम्ही आमच्याच गाडीने केलंय. तरी माझा जीव धजत नाही. ऑफिसमध्ये एकांनी सुचवलं की लेह सोडा, हिमाचल प्रदेशातलं किन्नौर-स्पिती करा, तोही तिबेटच्या सीमेलगतचाच भाग आहे आणि घरच्या मंडळींना सोसतो.

ज्यांनी घरच्या मोठ्या माणसांना घेऊन हा भाग केलाय त्यांनी कृपया सांगा. यातलं काय निवडावं? परवाना लागतो का? आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, खाण्याचं कसं करायचं?

विजापूरनाका

ताई, गाडी घेऊनच जा. आपल्या सोलापुरातून जाणारा ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग कर्नाटकात अंकोल्याला सुरू होतो आणि विजापूर, सोलापूर, तुळजापूर, बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत पंजाबात संगरूरला संपतो. तिथून पतियाळावरून चंदीगड. म्हणजे दारातल्या रस्त्याला लागायचं आणि बहुतेक वाट तोच धरून राहायचं. मुक्काम इंदूर आणि जयपूर. कन्नडचा घाट दिवसाउजेडी पार करा, तिथे कोंडी होते. स्वतःची गाडी असली की सामान हवं तेवढं घेता येतं, आणि मुलांना वाटेल तिथे थांबता येतं. ते सुख भाड्याच्या गाडीत नाही.

अक्कलकोटरोड_एसटी

ताई, मी एसटीत चालक होतो. सोलापूर-रत्नागिरी केली, आंबा घाट धुक्यात उतरवला, भर पावसात चढवला. निवृत्त झाल्यावर मी, मंडळी, मुलगा, सून आणि नातू असे किन्नौर-स्पितीला जाऊन आलो. त्यामुळे दोन शब्द हक्काने लिहितो. जरा लांबेल.

आधी लेहचं. रस्ता अवघड आहे म्हणून मी नको म्हणत नाही. उंची फार झपाट्याने चढते म्हणून म्हणतो. मनाली साधारण दोन हजार मीटरवर. तिथून निघालं की बरेच लोक सरचूला मुक्काम करतात, ते सव्वाचार हजारांच्या वर. एका दिवसात दुपटीहून जास्त उंची, आणि तिथेच रात्र काढायची. दुसऱ्या दिवशी तंगलंग ला ही खिंड, ५,३०० मीटरच्या पुढे. आपलं सोलापूर साडेचारशे मीटरवर. सासूबाईंच्या वयाच्या माणसाला आणि सहा वर्षांच्या पोराला असं चढवू नये. शिवाय मेमध्ये मनाली-लेह रस्त्यावरचा बर्फ कधी काढून होईल हे त्या त्या वर्षाच्या हिमवर्षावावर असतं. लेह करायचंच असेल तर श्रीनगर, कारगिलवरून चढा. कारगिल २,७०० मीटरच्या आसपास आहे, तिथे अंगाला सवय होते. पण तुमच्यासाठी मी किन्नौरच सांगेन.

किन्नौरचा रस्ता सिमल्यापासून सतलजच्या काठाने आत शिरतो. नारकंडा २,७०० मीटर, मग रामपूरला पार हजारापर्यंत खाली, मग हळूहळू वर. सांगला, कल्पा, ताबो, काझा. उंची टप्प्याटप्प्याने मिळते आणि प्रत्येक टप्प्यावर दोन रात्री राहावं असं गाव आहे. आम्ही सांगल्याला राहिलो आणि चितकुलला दिवसाचं जाऊन आलो. चितकुल सुमारे ३,४५० मीटर, बास्पा नदीच्या खोऱ्यातलं शेवटचं गाव. वरच्या उंचीला दिवसा जायचं आणि झोपायला खाली यायचं, एवढं पाळलं तरी निम्मा त्रास वाचतो. सासूबाईंच्या बर्फाचंही तिथेच होईल. हिवाळ्यात डोंगरावरून कोसळलेला बर्फ मेच्या सुरुवातीला तिथल्या ओढ्यांमध्ये बहुधा पडून असतो, गाडीतून उतरून चार पावलांवर.

कल्प्याला पहाटे उठा. समोर किन्नर कैलास, सहा हजार मीटरच्या वरचा डोंगर. त्याच्यावरची शिवलिंगासारखी उभी शिळा नुसत्या डोळ्यांनी दिसते. आमच्या मंडळींनी खिडकीतूनच हात जोडले आणि चहा थंड होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

पुढे खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि झाडं संपतात. नाको ३,६०० मीटरच्या आसपास आहे. तळं बघा, पण झोपायला ताबोला उतरा, ते जवळपास साडेतीनशे मीटर खाली आहे. ताबोचा मठ इ.स. ९९६ चा. बाहेरून मातीच्या साध्या भिंती, आत भिंतभर हजार वर्षांपूर्वीची चित्रं. आत अंधार असतो आणि फोटो काढू देत नाहीत, म्हणून बॅटरी न्या आणि मुलीला सावकाश बघू द्या. आमचा नातू मोबाइलशिवाय इतका वेळ एका जागी बसलेला मी पहिल्यांदा तिथे पाहिला.

मग धनकरचा मठ बघत काझा, तिथे तीन रात्री. ‘की’ नावाचा मठ, किब्बर गाव, चिचमचा पूल दिवसाच्या फेऱ्यांत होतात. हिक्कीमचं पोस्ट ऑफिस ४,४०० मीटरवर आहे. तिथून स्वतःच्याच पत्त्यावर पत्र टाकायला मुलांना आवडतं, पण ते शेवटच्या दिवशी ठेवा, आणि सासूबाईंना त्या दिवशी जरा जरी जड वाटलं तरी त्यांना काझ्यातच राहू द्या.

एक गोष्ट आजच मनाशी पक्की करा. काझ्याहून पुढे कुंझुम खिंडीतून मनालीला उतरायचा बेत मेमध्ये धरू नका. खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि बहुधा जूनमध्ये उघडते. उघडेल या आशेवर मनालीचं हॉटेल घेऊन ठेवलं की माणूस नको तिथे घाई करतो. आलात त्याच वाटेने परत या. जाताना दरीच्या बाजूला बसलेल्याने येताना डोंगराच्या बाजूला बसावं, रस्ता नवा वाटतो.

परवान्याचं म्हणाल तर या मुख्य रस्त्याला भारतीयांना लागत नाही, परदेशी माणसाला लागतो. आधार कार्ड मुलांसकट सगळ्यांचं जवळ ठेवा, नाक्यावर मागतात. लष्कराच्या तळाचे, पुलांचे फोटो काढायचे नाहीत, हे मुलांनाही सांगून ठेवा.

आता गाडी. विजापूरनाका यांचा रस्ता बरोबर आहे, मीही ५२ नंबरवर आयुष्य घातलंय. पण मेच्या उन्हात राजस्थानातून तीन दिवस जायला आणि तीन दिवस यायला, म्हणजे तुमच्या पंधरातले सहा दिवस मैदानातच गेले. तेच दिवस वर सवय व्हायला हवेत. आणि मिस्टरांना सांगा, आयुष्यभर स्टिअरिंग धरलेला माणूस सांगतोय: त्या रस्त्यावर मी गाडी तिथल्या चालकाच्या हातात दिली. किन्नौरातल्या निगुलसरीला ऑगस्ट २०२१ मध्ये दरड आली तेव्हा हिमाचल परिवहनची प्रवाशांनी भरलेली बस तिच्याखाली सापडली. तिथून जाताना आमच्या चालकाने गाणी बंद केली, काच खाली घेतली आणि वरून खडे घरंगळल्याचा आवाज येतो का ते ऐकत गाडी काढली. कुठली कड सुटते, कुठल्या ओढ्याला दुपारी पाणी चढतं, हे त्याला पाठ होतं. आपण कितीही चांगले चालक असलो तरी हे एका फेरीत कळत नाही. वाटेत तरंडा देवीच्या देवळापाशी त्याने गाडी थांबवून हात जोडले, मीही उतरलो.

कर्नाटक एक्स्प्रेस सोलापुरातून थेट दिल्लीला जाते. दिल्लीहून कालका, आणि तिथून सिमल्यापर्यंत छोटी गाडी. १९०३ सालची ती लाईन आजही चालू आहे, मुलांना तीच आधी आठवेल. सिमल्यात गाडी करा.

जुळेसोलापूर_डॉक्टर

काकांनी मार्ग उत्तम सांगितलाय. मी फिजिशियन आहे, फक्त तब्येतीपुरतं लिहिते.

बीपी आटोक्यात असेल तर जायला साधारण हरकत नसते. पण महिनाभर आधी ईसीजी आणि डॉक्टर सांगतील त्या तपासण्या करून त्यांचा होकार घ्या. गोळी प्रवासात एकही दिवस चुकवायची नाही. उंचीवर बीपी थोडं वाढू शकतं, म्हणून घरचं मशीन बरोबर ठेवा. उंचीच्या त्रासासाठी दिली जाणारी अॅसिटाझोलामाइडची गोळी मेडिकलमधून स्वतःहून आणू नका. ती सल्फा गटाशी संबंधित आहे, अॅलर्जीचा आणि चालू औषधांचा विचार करूनच ती द्यायची असते.

अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, भूक मरणं दिसलं तर ते उंचीचंच धरून चालायचं आणि त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही झालं तर रात्र आहे म्हणून थांबू नका, लगेच खाली उतरायला सुरुवात करा आणि वाटेत मिळेल त्या दवाखान्यात न्या. ऑक्सिजनच्या डब्याने तेवढा वेळ मिळतो, इलाज उतरण्यातच आहे. स्पितीची अडचण अशी की काझ्याहून खरोखर खाली यायला किन्नौरपर्यंत दोनशे किलोमीटर यावं लागतं. म्हणूनच सांगला आणि कल्प्याची एकही रात्र कापू नका. सहा वर्षांचं मूल डोकं दुखतंय असं धड सांगत नाही. ते चिडचिड करतं, खेळायचं थांबतं, जेवण ढकलतं. त्याच्यावर सासूबाईंइतकंच लक्ष हवं.

होटगीरोड

काका, मिस्टरांना तुमचं सगळं वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, एसटीचा माणूस सांगतोय तर ऐकू. त्यांचा एकच आग्रह आहे, थोडी तरी गाडी चालवायला मिळावी. सासूबाईंनी किन्नर कैलासचं ऐकल्यापासून बॅग काढून ठेवली आहे. डॉक्टर ताई, उद्याच अपॉइंटमेंट घेते.

खाण्याचं आणि पैशांचं राहिलं. आणि सोमवारी त्यांचा उपास असतो.

अक्कलकोटरोड_एसटी

उंचीवर उपास नको, ताई. देवाला घरून निघतानाच सांगून ठेवा, परत आल्यावर करीन म्हणून. आमच्या मंडळींनी तसंच केलं.

शाकाहाराला अडचण नाही. किन्नौरात राजमा-चावल जागोजागी, स्पितीत भाजी घातलेला थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, गरम मिळतो, फक्त मांस नको हे आधी सांगायचं. तिकडे पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. एखाद्या ढाब्यात वेळ लागला तर उगाच घाई करू नका. बरोबर बाजरीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर घ्या. भाकरी कोरड्या हवेत जराही बिघडत नाही, गरम डाळीत चुरून पोटभर होते, आणि भूक नसताना ओळखीची चव घशाखाली उतरते. नातवाने काझ्यात दोन दिवस तेवढंच खाल्लं. वेफर्सची पाकिटं मात्र वर फुगून फुटतात.

एटीएमवर विसंबू नका, सिमल्यातून रोख घ्या. मोबाइलला पुष्कळ ठिकाणी रेंज नसते, घरी आधीच सांगून ठेवा म्हणजे कुणी घाबरणार नाही. कल्प्याच्या खाली पोवारीला टाकी भरून घ्यायला चालकाला सांगा, पुढे भरवशाचा पंप काझ्यालाच. रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. उतरल्या उतरल्या आंघोळ नको, पहिल्या रात्री तर नकोच.

मिस्टरांना गाडी चालवायची आहे तर परतीच्या वाटेवर दिल्लीजवळच्या मैदानात एखादा दिवस गाडी भाड्याने घ्या, कुरुक्षेत्र करा. डोंगरात नको. तरी कधी पुढे स्वतः नेलीच, तर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आणि बर्फाच्या पाण्याचे ओढे सकाळी लवकर ओलांडा, दुपारी ऊन तापलं की वरचा बर्फ वितळून तिथे पाणी गुडघ्यापर्यंत येतं.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी तयार राहा, मेमध्ये कर्नाटक लगेच भरते. सासूबाईंना खालचा बर्थ. सिमल्यातल्या आमच्या चालकाला विचारून मेच्या तारखा मोकळ्या आहेत का ते कळवतो. तुमच्या तारखा ठरल्या की लिहा.