जुन्या लॉजच्या बिलातली 'पि. चादर' म्हणजे काय?

विट्याचा नातू: आजोबांच्या ट्रंकेत सांगलीतल्या एका लॉजचं १९६८ चं बिल सापडलं. कॉट १, गादी १, गरम पाणी १ बादली, आणि शेवटी 'पि. चादर २५ पैसे'. गादीचेसुद्धा वेगळे पैसे? आणि हे 'पि.' काय?

चहाबाज: पिण्याची असेल 😀

गल्ल्यावरचा: पि. म्हणजे पिवळी. गणपती पेठेजवळ आमच्या वडिलांचं लॉज होतं, शाळा सुटली की मी गल्ल्यावर. हळदीच्या मोसमात सौद्याला आलेली, हरिपूरच्या पेवांवर (हळद साठवायचे जमिनीतले खड्डे) माल बघून परतलेली माणसं कानाच्या पाळीपर्यंत पिवळी असायची. पांढरी चादर दिली की ती गेलीच. सोड्यात टाकली की डाग लालभडक व्हायचा, मग गच्चीवर दोन-तीन दिवस कडक ऊन खाऊन कुठे फिका. शेवटी आईनं आठ-दहा चादरी हळदवाल्यांसाठी वेगळ्याच काढल्या. जाणती माणसं स्वतःच म्हणायची, "पोरा, पिवळी दे." तसाच पांढरीवर आडवा झाला तर शेजारचा कॉटवालाच झापायचा.

गादी वेगळीच हो. बहुतेकांची वळकटी बरोबर असायची, त्यांना नुसती कॉट. खोलीत चार अनोळखी माणसं. पायताण दाराबाहेर, बिडी गॅलरीत, दहाला दिवा बंद. पहाटे बंबातली एकच बादली. दुसरीला हात घातला की मोरीपुढची रांग बोलायला लागायची. आणि 'कोठून आला, कोठे जाणार' लिहिल्याशिवाय किल्ली नाही, त्यात वडील पोलिसांपेक्षा कडक.

मिरजेचा: ते लिहून घेणं जुनंच. १८६७ च्या सराई कायद्यात उतारूंची माहिती मागवायचा अधिकार मॅजिस्ट्रेटला होता. आमच्याकडे दवाखान्यासाठी आलेली माणसं महिना महिना राहायची. कारणाच्या रकान्यात 'औषधोपचार' दिसलं की मालक भाडं रोज मागत नसे. आणि संध्याकाळी परत आलेल्या माणसाला "पेशंट कसा आहे?" असं आपण होऊन कुणी विचारायचं नाही. तो डबा उघडून बसला की आपणच सांगायचा. नाही उघडला तर गप्प राहायचं.

विट्याचा नातू: पण आजोबा गुळाचे व्यापारी! हळदीला कधी हात लावला नाही.

गल्ल्यावरचा: मग रात्री उशिरा आले असतील, पांढऱ्या संपल्या असतील. उरलेली गळ्यात मारली. पण तिचे २५ पैसे लावायला नको होते. बिलावर लॉजचं नाव असेल तर इथे टाकू नका, आमचंच निघायचं.