तृतीयपंथी, पारलिंगी, किन्नर… नेमकं काय म्हणायचं?

३१ मार्चला एका कार्यक्रमाला पहिल्यांदाच गेले होते, ट्रान्सजेंडर लोकांचा आनंदमेळाच म्हणा, ऑफिसातल्या मैत्रिणीनं बोलावलं होतं. गाणी, नाच, केक, फिकट निळे-गुलाबी-पांढरे पट्टे असलेले झेंडे सगळीकडे, आणि मी मात्र तोंड उघडायलाच घाबरत होते कारण कुणाला काय म्हणायचं तेच कळेना. शेजारच्या ताईंना मी अगदी आदरानं विचारलं, "तुम्ही तृतीयपंथी ना?" तर त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही हो, मी बाई आहे. ट्रान्सबाई." (म्हणजे जन्मताना मुलगा म्हणून नोंद झालेली बाई, हे नंतर कळलं.) मला फार वाईट वाटलं, कारण मी तर तोच सभ्य शब्द समजत होते. आणि थोड्या वेळानं एक वयस्कर बाई माईकवर आल्या आणि ताठ मानेनं म्हणाल्या, "मी हिजडा आहे." टाळ्यांचा कडकडाट! जो शब्द आम्हाला लहानपणी शिवी म्हणून माहीत होता तो. तर हे शब्द कुठे कसे वापरायचे, कोणी नीट सांगेल का?

—

'तृतीयपंथी' शब्दात वाईट काही नाही, पण तो सगळ्यांना लागू नाही. त्यातला पंथ बघा. वारकरी पंथ, महानुभाव पंथ, तसा पंथ म्हटला की गुरू आला, दीक्षा आली, नियम आले. हिजडा समाजात हे सगळं आहेच, गुरू-चेला नातं आहे, घराणी आहेत, म्हणजे ती एक परंपरा आहे, नुसतं लिंग नाही, म्हणून त्या आजींनी ते नाव अभिमानानं घेतलं. बाहेरच्यानं रस्त्यात तोच शब्द फेकला की ती शिवीच.
पण ज्या बाईनं कधी गुरू केला नाही तिचा पंथ कुठला? आणि तृतीय तरी का? सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालातही स्वतःला स्त्री, पुरुष की तिसरं लिंग म्हणवायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असं आहे. सगळ्यांना तिसऱ्या रांगेत बसवलेलं नाही. सगळ्यांना मिळून एक शब्द हवा तर 'पारलिंगी' आहे, बोलताना 'ट्रान्स' सोपं.

—

>>किन्नर राहिलं की

किन्नर म्हणजे किम् + नर, 'हा कसला नर?' असं. जुन्या कथांत ते देवलोकातले गायक, अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तर त्यांना 'तुरंगवदन' म्हणजे घोड्याच्या तोंडाचे म्हटलंय. आताचा अर्थ हिंदीकडून मराठीत रुळला. समाजातल्या काही जणांनी तो आपलासा केलाय, २०१५ साली किन्नर आखाडा स्थापन झाला तो याच नावानं. ज्यांना नको त्यांना तो लावू नये, इतकंच.

—

मला वाटतं नामापेक्षा मराठीत खरी पंचाईत क्रियापदाची आहे. आला की आली, गेलास की गेलीस, इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, आपल्याकडे एक वाक्य बोललं की लिंग ठरवून मोकळे. पण भाषेनं वाटाही ठेवल्यात बघा. 'तुम्ही कधी आलात?' यात लिंग नाही. 'आम्ही आलो' सगळेच म्हणतात. 'मला आवडलं', 'तुमचं जेवण झालं का', 'मी पाहिलं' इथंही नाही. म्हणजे अनोळखी माणसाला अहोजाहो केलं की समोरासमोर बरंचसं निभावतं. तोवर कान उघडे ठेवायचे, समोरचं माणूस स्वतःबद्दल 'मी आले' म्हणतंय की 'मी आलो'. (कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो' म्हणतात, तिथं ही खूण चालायची नाही!)
अडचण येते ती माघारी बोलताना. 'ते आले' आदरार्थी पुरुष होतो आणि 'ते आलं' तर कृपा करून कुणीच म्हणू नका, माणसाला वस्तू केल्यासारखं होतं. तिथं सरळ नाव घ्यावं, नाहीतर आधीच विचारून घ्यावं.

—

>>आधीच विचारून घ्यावं

मी स्वतः ट्रान्स आहे म्हणून सांगते. 'तुमचं लिंग काय' असं विचारलं की अंगावर येतं. 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' हे आपलं घरचं मराठी आहे, त्यात सगळं येतं. आणि चुकलात तर 'सॉरी, आली' म्हणून पुढं बोलत राहा. दहा मिनिटं माफी मागत बसलात की आम्हालाच तुमची समजूत काढावी लागते.
आणि ३१ मार्चच्या त्या दिवसाचं सरकारी थाटाचं मराठी नाव 'दृश्यमानता दिन' मला बिलकूल आवडत नाही. आम्ही दिसतो त्याचा दिवस आहे तो, २००९ पासून साजरा होतोय. 'आम्ही आहोत दिवस' म्हणा हवं तर.

—

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः शेवटच्या ताईंचे. त्या दिवशी मी खरंच पाच मिनिटं माफी मागत बसले होते, आणि त्या बिचाऱ्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. आता एकच राहिलं, ट्रान्सबाई जोडून लिहायचं की सुटं?

—

सुटं. उंच बाई, सावळी बाई, तशी ट्रान्स बाई. 'उंचबाई' असं आपण कुठं लिहितो? जोडलं की बाईचा वेगळाच काही प्रकार असल्यासारखं वाटतं.

—

पटलं. यापुढं सुटंच लिहीन. त्या ताईंचा नंबर मैत्रिणीकडून घेतलाय, आज फोन करते, काय म्हणून हाक मारू हे विचारायचं राहूनच गेलंय.