मदत हवी आहे: कॉलेजच्या हॉलमधलं नाटक, चेहरे काळे, ब्लॅकआउट लांबलचक, मागे ऐकू येत नाही

रंगपाटी:
प्रयोग तीन आठवड्यांवर आलाय. नाटक ५० मिनिटांचं, ९ पात्रं, स्थळं तीन (घर, बसथांबा, कचेरी), संहितेत ७ ब्लॅकआउट (दृश्य बदलताना मंचावर पूर्ण अंधार). हॉल भाषणांसाठी बांधलेला आहे, नाटकासाठी नाही, म्हणून आधी मापं देते.

मंच २० फूट रुंद, १४ फूट खोल, अडीच फूट उंच. हॉलच्या जमिनीपासून छत १४ फूट. हॉलची लांबी ६० फूट, फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, खुर्च्या २०० आणि सगळ्या एकाच पातळीवर. विंगा (मंचाच्या बाजूंचे आडोसे) नाहीत. मागे काळा पडदा आहे. दिव्यांत १००० वॉटचे दोन हॅलोजन पार (पार म्हणजे डब्यासारखा मंचाचा दिवा), त्यांना दोन चॅनलचा डिमर (उजेड कमीजास्त करणारं यंत्र), आणि सहा आरजीबी (लाल-हिरवा-निळा मिसळणारे) एलईडी पार डीएमएक्स कन्सोलवर (केबलवरून दिव्यांना आज्ञा देणारं यंत्र). सगळे दिवे मंचाच्या बरोबर डोक्यावरच्या पाइपला. छताला आणखी एक पाइप आहे, मंचाच्या कडेपासून ६ फूट पुढे, सध्या मोकळा. आवाजासाठी हातात धरायचे दोन माइक, दोन स्पीकर, एक लॅपटॉप.

अडचणी अशा: नटांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. एकेक ब्लॅकआउट २५ सेकंदांचा होतो. सहाव्या रांगेच्या मागे शब्द कळत नाहीत, ओरडून बोललं तरी. नवीन सामान घेणं शक्य नाही. कुठून सुरुवात करू?

फेडरवाला:
दिव्यांपासून करा, कारण जागा बदलली की अर्धं काम फुकटात होतं. डोक्यावरून सरळ खाली पडणारा प्रकाश कपाळ आणि नाक उजळतो, भुवईची सावली डोळ्यांवर पडते. दोन्ही हॅलोजन त्या मोकळ्या पाइपवर न्या.

हिशेब सांगतो. उभ्या नटाचा चेहरा हॉलच्या जमिनीपासून साधारण साडेसात फुटांवर. पाइपला टांगलेला दिवा १३ फुटांवर धरा. उंचीतला फरक साडेपाच फूट. नट कडेपासून ४ फूट आत उभा असेल तर दिवा त्याच्या समोर १० फुटांवर, म्हणजे कोन सुमारे २९ अंश. एक हॅलोजन मध्यापासून ७ फूट डावीकडे, दुसरा ७ फूट उजवीकडे सरकवा. कोन २४ अंशांच्या आसपास येईल. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅनली मॅकॅन्डलेस यांनी १९३२ मध्ये जी पद्धत मांडली तिच्यात दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवरून प्रकाश येतो. तुमच्या छताखाली तेवढं जमणार नाही, आणि बिघडतही नाही. डोळे दिसतील, आणि सावल्या मागे सरळ न पडता तिरप्या बाजूला जातील.

एका बाजूला फिकट अंबर जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद), दुसऱ्या बाजूला साधं. दोन्हीकडे एकसारखा रंग ठेवला तर चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो.

चेहऱ्यांवर मुख्य प्रकाश हॅलोजनचाच ठेवा, एलईडीचा नको. आरजीबीच्या वर्णपटात मधे मोकळ्या जागा असतात, त्यामुळे त्वचा आजारी दिसते. शिवाय एलईडी फेड (हळूहळू मंद) करताना शेवटच्या काही टक्क्यांत झटकन विझतात. हॅलोजन शेवटपर्यंत मऊ उतरतो. एलईडीची वाटणी अशी: दोन डोक्यावरच्याच पाइपवर, पण नटांच्या मागे सरकवून, खाली आणि प्रेक्षकांकडे कलते. हा बॅकलाइट. काळ्या पडद्यासमोर काळे केस असले की तो नसेल तर डोकी पडद्यात विरघळतात. दोन पुढच्या पाइपवर भरावासाठी, म्हणजे सावल्या मऊ करायला. लाल पूर्ण, हिरवा ६५ टक्के, निळा ३० टक्के इथून सुरू करा आणि डोळ्यांनी जुळवा. उरलेले दोन बसथांब्यासाठी.

एलईडी पार कधीही डिमरवर लावू नका, आतला पॉवर सप्लाय जळतो. सात चॅनलचा मोड असेल तर दिव्यांचे डीएमएक्स पत्ते (प्रत्येकाचा पहिला चॅनल) १, ८, १५, २२, २९, ३६. दोन दिवे कायम बरोबरच चालणार असतील तर दोघांना एकच पत्ता दिला तरी चालतं. केबल एका दिव्यातून दुसऱ्यात अशी साखळीने. मधेच फाटा काढला की दिवे लुकलुकतात. शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा टर्मिनेटर (साखळीचं टोक बंद करणारा रोधक). प्रत्येक दिव्याला सुरक्षा साखळी हवीच, नुसत्या क्लॅम्पच्या भरवशावर प्रेक्षकांच्या डोक्यावर काही टांगायचं नाही.

फळीवरचा सुतार:
फेडरवाल्यांचं बरोबर, पण दोन हॅलोजन २० फूट झाकणार नाहीत. दिवे ताणण्यापेक्षा मंच लहान करा. दोन्ही बाजूंनी ३-३ फूट कापले की खेळायची जागा १४ फूट उरते आणि विंगाही मिळतात.

८ फूट उंच, ३ फूट रुंद चार फ्लॅट (कापड लावलेल्या उभ्या लाकडी चौकटी). चौकट ३ इंच बाय १ इंच पट्टीची, मध्ये एक आडवी पट्टी, चारही कोपऱ्यांत प्लायचे त्रिकोण. त्रिकोण विसरलात तर उचलताना चौकट पतंगासारखी तिरकी होते. वर काळं कापड. रंग देणार असाल तर मॅट. ऑइलपेंट दिव्यात चमकतो. पहिली जोडी कडेपासून २ फुटांवर, दुसरी तिच्या मागे ५ फुटांवर, कडेला समांतर. मागून तिरका टेकू साडेपाच फुटांवर आणि टेकूच्या पायावर १५-२० किलोंची वाळूची पिशवी. मग पहिल्या रांगेच्या टोकाच्या खुर्चीवर बसून बघा. तिथून विंगेत वाट बघणारी पात्रं दिसत असतील तर फ्लॅट थोडा आत वळवा. हॅलोजनपासून कापड किमान ३ फूट लांब.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण विचारायला हवी होती. हॉल सपाट असल्यामुळे मंचाच्या जमिनीवर बसलेला नट मागच्यांना दिसतच नाही. बसून असलेला प्रवेश पुढे घेऊ नका. मागे ८ ते १२ इंचांच्या लेव्हलवर (चौथऱ्यावर) घ्या. खुर्च्या एकाआड एक सरकवून मांडल्या तर आणखी फरक पडतो.

विंगेतली:
२५ सेकंद गुणिले सात म्हणजे जवळपास तीन मिनिटं प्रेक्षक अंधारात बसतात. नाटक तिथेच सांडतं. सातपैकी किती ब्लॅकआउट खरंच लागतात ते आधी बघा. काळ उलटला किंवा धक्का द्यायचाय तिथे ठेवा. बाकीचे बदल मंद निळ्यात, उघड्यावर, पात्रांनीच करायचे. घर मोडताना घरातलीच माणसं सामान उचलतायत हे बघायला वाईट दिसत नाही.

सामान कमी करा. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी तीन खोकी पुरतात. दोन टोकाला टोक लावली की बसथांब्याचा बाक, एक उभं केलं की कचेरीचा काउंटर, एकावर चादर टाकली की घरातला दिवाण. बसायला १२ मिमी प्लाय चालतो. वर कुणी उभं राहणार असेल तर तो पृष्ठभाग १८ मिमीचा.

प्रत्येकाच्या कागदावर लिहा: कोण, काय, कुठून कुठे. आणि नियम एकच, रिकाम्या हाताने आत जायचं नाही. बदलांची तालीम संवाद वगळून, स्टॉपवॉच लावून, लागोपाठ पाच वेळा. ८ सेकंदांत बसला नाही तो बदल वेळेचा नाही, सामानाचा प्रश्न आहे. काहीतरी काढून टाका.

जे ब्लॅकआउट राहतील त्यांत संगीत दिवे उतरण्याआधी दोन सेकंद सुरू व्हायला हवं आणि दिवे आल्यावर उतरायला. शांत अंधार दुप्पट लांब वाटतो. जमिनीवर चकाकणाऱ्या टेपच्या बारीक खुणा, नखाएवढ्या. पण ही टेप आधी उजेड पिते तेव्हाच चकाकते, म्हणून हॉल उघडण्यापूर्वी मंचावरचे दिवे काही मिनिटं पूर्ण ठेवा. अंधारात शिरणाऱ्या पात्राने ब्लॅकआउटआधी विंगेत दहा-पंधरा सेकंद डोळे मिटून उभं राहावं. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात, पण एवढ्यानेही ठेच वाचते.

कानोसा:
ऐकू न येण्याचं कारण आवाज लहान असणं नाही. ६० फूट म्हणजे १८ मीटरच्या आसपास. आवाज मागच्या भिंतीवर आपटून पुढे परत यायला साधारण ०.१ सेकंद. ०.०५ सेकंदाच्या पुढचा परतावा कानाला वेगळा ऐकू येतो. त्यात बाजूच्या भिंती आणि फरशीची भर. एका अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर बसतो. ओरडलात की घुमाराही तेवढाच मोठा होतो, म्हणून तुम्हाला फरक पडला नाही.

मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा घोंगड्या टांगा, चुण्या घालून, म्हणजे भिंतीच्या रुंदीच्या दुप्पट कापड, आणि भिंतीपासून वीतभर सोडून. ताणून चिकटवलेलं पातळ कापड काही शोषत नाही. भरलेल्या हॉलमध्ये घुमारा आपोआप कमी होतो, त्यामुळे रिकाम्या हॉलच्या तालमीवरून घाबरूही नका.

नटांसाठी: मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नेमका तिथेच श्वास संपतो. ‘मी येणार’ एवढं ऐकू आलं आणि पुढचं ‘नाही’ पडलं, तर अर्थच उलटला. शेवटचा शब्द उचलून ठेवायचा, दोन वाक्यांत अर्ध्या सेकंदाची फट सोडायची, आणि पाठ फिरवून बोललेलं वाक्य संहितेत शोधून ब्लॉकिंग (नटांच्या जागा आणि हालचाली) बदलायचं. तालमीत एक जण कायम शेवटच्या रांगेत बसून न कळलेल्या शब्दांवर खूण करेल. त्याने संहिता पाठ केलेली नसावी. पाठ असलेल्याला सगळं ऐकू येतं.

हातातले माइक नाटकात नकोत. ते तोंडाजवळच काम करतात. स्टँडवर मंचाच्या कडेला ठेवले तर बुटांचा आवाज आधी येतो आणि वाढवले की स्पीकरमधून शिट्टी (फीडबॅक).

फेडरवाला:
यावर थोडी असहमती. सूत्रधार किंवा निवेदन असेल तर एक माइक ठेवायला हरकत नाही, विंगेत, तोंडापासून चार बोटांवर. स्पीकर मात्र माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला हवेत.

कानोसा:
निवेदनाला मान्य. दुसरा माइक बंद ठेवा. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी साधारण ३ डेसिबल आधी येते.

विंगेतली:
क्यूशीटबद्दल (दिवे-आवाज कुठल्या शब्दावर बदलायचे त्याची नोंद; असा प्रत्येक बदल म्हणजे क्यू) राहिलं. संहिता कागदाच्या एकाच बाजूला, उजवीकडे रुंद समास. प्रकाशाचे क्यू आकड्यांत, आवाजाचे अक्षरांत: ‘प्रकाश १२’, ‘आवाज ड’. दोन्हींना आकडे दिले की गर्दीत चुकीचं बोट पडतं. क्यूच्या अर्धा मिनिट आधी ‘सावध’, आणि नेमक्या शब्दावर ‘जा’. ‘जा’ हा शब्द दुसऱ्या कशासाठीही, हळू आवाजातसुद्धा, वापरायचा नाही. प्रकाश आणि आवाज चालवणारे एकाच टेबलावर, रंगमंच व्यवस्थापक मध्ये. विंगेत एक बारकी क्यू-लाइट: पेटली म्हणजे सावध, विझली म्हणजे आत जा.

तांत्रिक तालमीत संवाद गाळून क्यूवरून क्यूवर उड्या मारा. एका क्यूला ५-७ मिनिटं धरा; ३० क्यू असतील तर तीन तास सहज. रंगीत तालीम त्याच दिवशी ठेवू नका, दोन्ही अर्धवट होतात.

तीन आठवड्यांत ९ जण रोज जमणार नाहीत हे धरूनच चला. प्रवेश उभे, पात्रं आडवी असा तक्ता करा; प्रवेशाचा तुकडा नवीन पात्र आलं किंवा गेलं की बदलतो. मग जे चार जण आलेत त्यांचा तुकडा लगेच सापडतो. आठव्या दिवसापासून हातात संहिता नाही.

रंगपाटी:
सगळ्यांचे आभार. हॅलोजन पुढे नेले, डोळे दिसले! पण नवीन अडचण: ब्लॅकआउटनंतर दोन्ही हॅलोजन एकदम पूर्ण दिले की एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. सहा एलईडी आणि डिमर एकाच १५ अँपियरच्या सॉकेटवर आहेत. भार जास्त झालाय का? शिवाय लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमध्ये गुणगुण येते.

फेडरवाला:
भार जास्त नाही. २३० व्होल्टवर दोन हॅलोजन ८.७ अँपियर, सहा एलईडी प्रत्येकी १५० वॉट धरले तरी ४ अँपियर. पंखे त्याच लाइनवर नाहीत ना, तेवढं बघून घ्या.

खरं कारण थंड तार. विझलेल्या हॅलोजनच्या तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी दसपट प्रवाह ओढला जातो आणि दोन्ही एकदम दिले की एमसीबीला ते शॉर्टसर्किट वाटतं. ब्लॅकआउटमध्ये दोन्ही चॅनल ५ टक्क्यांवर ठेवून बघा. तार कोमट राहते, उजेड जवळपास दिसत नाही. दिसलाच तर ३ वर आणा. आणि पूर्ण प्रकाश एका झटक्यात न देता दोन सेकंदांच्या फेडने द्या. एक्स्टेंशनची वायर अडीच चौरस मिलिमीटरची हवी, आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली तापते.

कानोसा:
गुणगुण अर्थिंगच्या वळशाची (ग्राउंड लूप) आहे, म्हणजे जोडलेली उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याची. आवाजाचं सगळं दुसऱ्या सॉकेटवर घ्या आणि प्रयोगाला लॅपटॉप भरलेल्या बॅटरीवर चालवा. ५० मिनिटं निघतात. तरी आली तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (दोघांचा थेट विजेचा संबंध तोडून आवाज पुढे देणारी डबी). प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने जीव जाऊ शकतो. लॅपटॉप विमान मोडवर, सूचना बंद, आणि आवाजाच्या फायलींची नावं ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी क्यूशीटप्रमाणेच.