मदत हवी आहे : मावसबहिणीचं स्त्रीधन आणि कागदपत्रं सासरी अडकलीत

माझी मावसबहीण नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून पुण्याहून आमच्याकडे कराडला आलीये. सोबत सात वर्षांचा मुलगा, त्याचं दप्तर आणि अंगावरचे कपडे, एवढंच. दागिने, आधार कार्ड, मुलाचा जन्मदाखला सगळं तिकडेच. दंडावरचे वळ अजून निळे आहेत. सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घेतलाय, फोटोही तारखेसह ठेवलेत.

पोलिसांनी मात्र 'घरगुती मामला आहे, पुण्यालाच तक्रार द्या' म्हणून परत पाठवलं. याची फार चीड आली, कारण हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायलाच हवी. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ नुसार बाई तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. म्हणजे कराडलाच करता यावा.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा. संरक्षण अधिकाऱ्यांकडून (या कायद्याखाली सरकारने नेमलेले अधिकारी) अहवाल करून घ्यावा की थेट अर्ज टाकावा? दागिने आणि कागदपत्रं परत मिळण्यासाठी अंतरिम आदेश मागितला तर साधारण किती दिवसांत मिळतो? वस्तू आणायला पोलीस सोबत येतात का? दागिन्यांच्या पावत्या नाहीत, फक्त लग्नाचे फोटो आहेत; ते चालतील?

महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे सोमवारी जातोय. सोबत काय काय न्यावं?

'मिटवून घ्या' असा सल्ला कृपया नको. तो तिने वर्षानुवर्षं ऐकलाय.