जड ऑनिंग बीमला बसवायचे आहे: एक्स्पान्शन फास्टनर की केमिकल अँकर?

चर्चाप्रस्ताव
रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे. गच्चीच्या दारावरील आरसीसी बीमला 4 मीटर रुंद आणि 3 मीटर पुढे येणारे, गुंडाळता येणारे ऑनिंग, म्हणजे कापडी छत, बसवायचे आहे. वजन सुमारे 60 किलो. फॅब्रिकेटरांचे म्हणणे असे, की एवढ्या वजनाला 10 मिलिमीटरचे साधे जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) एक्स्पान्शन फास्टनर, म्हणजे आवळल्यावर भोकात फुगून पकड घेणारे बोल्ट, पुरे होतात. मला केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रेझिन भरून त्यात बसवलेले रॉड, अधिक भरवशाचे वाटतात. बीमवर वीसेक मिलिमीटर गिलावा आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १
60 किलो हा आकडा धरून बोल्ट निवडणे हीच मूळ चूक आहे, कारण बोल्टची खरी परीक्षा वारा घेतो. आपले कापड 12 चौरस मीटर आहे. ऑनिंगच्या युरोपीय मानकातील दुसऱ्या वर्गाप्रमाणे, म्हणजे ताशी साधारण 38 किलोमीटर वाऱ्याला, दर चौरस मीटरवर 70 न्यूटन दाब धरला, तर एकूण जोर 85 किलोच्या आसपास जातो. तो भिंतीपासून दीड मीटरवर लागतो आणि त्याला तोलून धरणारे, ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधील अंतर असते जेमतेम 15 सेंटिमीटर. म्हणजे बोल्टवरची ओढ दहापट होऊन साडेआठशे किलोपर्यंत पोहोचते, आणि ती दोन ब्रॅकेटांत वाटली जाते. वारा वरून दाबला तर वरचे बोल्ट ओढले जातात, खालून उचलला तर खालचे. ऑनिंग वेळीच गुंडाळावे हे खरे, पण वळीव सांगून येत नाही. 12 मिलिमीटरचे, 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे रॉड केमिकलमध्ये बसवावेत, कारण खाऱ्या हवेत जीआयवरील जस्ताचा थर फार काळ टिकत नाही.

प्रतिसाद २
स्टेनलेसबद्दल पूर्ण सहमती, केमिकलबद्दल ठाम असहमती. माझ्या शेजाऱ्यांकडे कारागिराने भोक पाडून नुसती तोंडाने फुंकर मारली आणि लगेच रेझिन भरले. दोन महिन्यांनी रॉड हातात आला. त्याला चिकटलेले रेझिन अखंड होते आणि त्यावर पिठासारखी सिमेंटची भुकटी बसली होती. काँक्रीटला रेझिन लागलेच नव्हते. अमेरिकेतील बॉस्टनमधील बोगद्याच्या छताचे पॅनेल 2006 साली कोसळून एक जीव गेला, तेथेही अँकर इपॉक्सीचेच, म्हणजे अशाच एका रेझिनचे, होते. एक्स्पान्शन फास्टनर टॉर्क पान्ह्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्ह्याने, आवळला, की तो धरतो की फिरतो हे तेथेच समजते. अट एवढीच, की त्याची खोली गिलाव्यापासून न मोजता काँक्रीटपासून मोजावी.

प्रतिसाद १
बॉस्टनच्या दुर्घटनेत लवकर घट्ट होणारे इपॉक्सी कायमच्या ओढीखाली हळूहळू सरकत गेले. तेथे छताचा भार अहोरात्र लटकत होता. आपले ऑनिंग बहुतेक वेळ गुंडाळलेले राहते आणि तेव्हा वजन भिंतीलगत असते. कायमच्या भारासाठी प्रमाणित रेझिन घेतल्यास ती भीती उरत नाही. भुकटीचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य: तारेचा ब्रश आणि हवेचा पंप आलटून पालटून वापरल्याशिवाय रेझिन भरूच नये. माझी खरी चिंता कडेची आहे. 70 मिलिमीटर खोल अँकरला पूर्ण ताकद मिळायची तर कडेपासून 105 मिलिमीटर काँक्रीट हवे. कमी अंतरावर दोन्ही प्रकारांची क्षमता घटते, पण एक्स्पान्शन फास्टनर आवळतानाच काँक्रीटला बाहेर रेटतो आणि कड फुटू शकते.

प्रतिसाद ३
बीमच्या आतल्या बाजूस जाता येत असेल, तर आरपार बोल्ट आणि मागे 8 मिलिमीटरची प्लेट हा पर्याय दोघांनीही विचारात घ्यावा. त्यात ना भुकटीचा प्रश्न, ना रेझिनचा. फक्त ड्रिल सळईला लागले तर सळई कापू नये, भोक सरकवावे.

चर्चाप्रस्तावक
सर्वांचे मनापासून आभार. आज मोजले: खालचे बोल्ट बीमच्या कडेपासून 60 मिलिमीटरवरच येतात, आणि त्यातही वीसेक मिलिमीटर तळाचा गिलावा आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आतल्या बाजूस बीम मोकळा आहे, त्यामुळे आरपार बोल्ट शक्य दिसतो. उद्या गिलावा खरवडून काँक्रीटची खरी कड पाहीन, ब्रॅकेट किती वर सरकते ते ठरवीन आणि तोवर फॅब्रिकेटरांना भोक पाडू देणार नाही.