ठासणीच्या बंदुकीवरचा नंबर पुसट झालाय, काय करावं?

डुकरांना_वैतागलेला: वडिलांच्या नावावर पीकसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक. ते गेले, बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. पावतीवर शेरा मारलाय, 'नंबर अस्पष्ट'. नळीवर गंज, शेवटचा आकडा ३ की ८ कळत नाही. मेव्हणा म्हणतो, माझ्या नावावर झाली की लोहाराकडून परवान्यातला नंबर ठोकून घे. चालेल?

काजूवाला: मेव्हण्याला चहा पाजा आणि वाटेला लावा! शस्त्र अधिनियम १९५९, कलम ८. नंबर वा खूण खोडणं, बदलणं, बनावट ठोकणं, सगळंच गुन्हा. वर गंमत अशी की नंबर खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला असं कायदा गृहीत धरतो. नाही म्हणून सिद्ध तुम्ही करायचं. बिनखुणेची बंदूक विकताही येत नाही. आकडा गंजाने गेलाय हे दिसतंय तोवर तशी लेखी नोंद करून घ्या. पॉलिश पेपर तर लावूच नका.

डुकरांना_वैतागलेला: परवान्यावर लांबलचक यूआयएन (ओळख क्रमांक) आहे, तोच ठोकायचा असतो ना?

काजूवाला: छे! तो परवानाधारकाचा क्रमांक, बंदुकीचा नव्हे. वारस म्हणून अर्ज कराल तेव्हा जुना परवाना, जमा पावती आणि नळीचे जवळून काढलेले फोटो जोडा. आकडा जुळवून द्या म्हणून परवाना शाखेलाच लिहा, पोच घ्या.

नवखा: आणि तोवर डुकरं?

काजूवाला: फटाके.