मदत हवी आहे: इंग्रजी वाचनाचं प्रशिक्षण, दीड तासात शिक्षकांना काय द्यावं?

शिरोलीकर:
शनिवारी आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद आहे आणि इंग्रजी वाचनाचा दीड तास माझ्या गळ्यात पडलाय. नुसती पीपीटी दाखवून सह्या घ्यायच्या नाहीत. शिक्षकांनी सोमवारी वर्गात काहीतरी वेगळं करायला हवं. मुलं कविता घडाघडा म्हणतात, पण त्यातल्याच एका शब्दावर बोट ठेवलं की गप्प. काय घेऊ? लवकर सांगा.

पन्हाळ्याच्या बाई:
कितवीची मुलं? सेमी आहे का? मराठी वाचतात का? हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

ध्वनीवेडा:
फोनिक्सच घ्या, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून शब्द वाचायला शिकवणं. एबीसीडीच्या क्रमाने नको. एस, ए, टी, पी, आय, एन आधी. पहिल्याच आठवड्यात सॅट, पिन, टॅप वाचायला लागतात.

निवृत्त गुरुजी:
2000 साली इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधी पाचवीपासून होतं, तरी आमची मुलं वाचायची. रोज पाच स्पेलिंगं पाठ आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर. त्याला पर्याय नाही.

ध्वनीवेडा:
गुरुजी, पाठ केलेला शब्द मूल नुसतं ओळखतं. नवा शब्द आला की अडलंच.

निवृत्त गुरुजी:
मग 'सेड' (said) आणि 'वन' (one) तुमच्या फोनिक्सने वाचून दाखवा.

गडहिंग्लजचा बाबा:
मुलगी पहिलीत जाणार. सेमी घ्यावं की पूर्ण इंग्रजी माध्यम?

पन्हाळ्याच्या बाई:
दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा. शिरोलीकर, उत्तर द्या की ओ.

शिरोलीकर:
झेडपीची शाळा, तिसरी-चौथी, सेमी नाही. एमआयडीसीतल्या फाउंड्री कामगारांची पोरं बरीच आहेत, घरी हिंदी नाहीतर भोजपुरी. मराठी वाचतात, पण अडखळत.

पन्हाळ्याच्या बाई:
हे महत्त्वाचं होतं. आपल्या मुलांच्या कानात 'क' पक्का बसलेला असतो, त्यातल्या 'अ'सकट. म्हणून बॅट वाचताना ती 'ब-अॅ-ट' असे सुटे, पूर्ण उच्चार करतात आणि जोडताना शब्दच हाती लागत नाही. शिक्षकही तसंच म्हणून दाखवतात. तेव्हा आधी शिक्षकांचाच सराव घ्या. जोडीने बसवा. एकाने ब्, ट्, म् म्हणायचं, शेवटी 'अ' लांबला की दुसऱ्याने टाळी वाजवायची. अर्धा तास यात गेला तरी चालेल.

इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने देवनागरी लिहू देणं बंद करायला सांगा. मूल तेवढंच वाचतं, खालच्या इंग्रजीकडे बघतच नाही.

आणि अर्थ सोडू नका. 'हेन' बरोबर वाचलं, पण कोंबडी डोळ्यासमोर आली नाही, तर ते वाचन नव्हे. अमेरिकेत घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांवरच्या संशोधनाचा मोठा आढावा 2006 मध्ये निघाला. ध्वनी आणि अक्षरांची जोडणी शिकवल्याचा या मुलांनाही फायदा होतो, पण तोंडी इंग्रजी कच्चं राहिलं तर वाचलेलं समजत नाही, असं त्यात निघालं. म्हणून धडा उघडण्याआधी चित्रावर बोलून घ्या. हिंदीत बोलली तरी बोलू द्या, मग तेच शब्द इंग्रजीत आणा.

ध्वनीवेडा:
चित्रावर बोलण्यातच तास संपतो, बाई. ध्वनी आधी.

पन्हाळ्याच्या बाई:
दोन्ही रोज लागतात. आणि गुरुजींचे 'सेड', 'वन' भिंतीवर लावा, येता-जाता वाचून घ्या. तेवढे पाठच करावे लागतात.

करवीरकर:
टॅबवर एखादं अॅप लावून द्या, मुलं आपोआप शिकतात.

शिरोलीकर:
टॅब कपाटात आहे, चार्जर नाही. टाळीचा सराव नक्की घेतो. पण आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी तिसरी-चौथी एकत्र बसते, शिक्षक एकच. एका गटाचे ध्वनी घेताना दुसऱ्याला काय द्यायचं?

पन्हाळ्याच्या बाई:
वाचून झालेलाच धडा जोडीत मोठ्याने वाचायला द्या, एकाचं बोट शब्दावर, दुसऱ्याने ऐकायचं. नवा धडा अशा वेळी अजिबात देऊ नका.